विमलताई, तुमची रिपोर्ट चांगली आली

प्रिय विमलताई,

काल दुपारी समता कॉलोनीतल्या लॅबमधून फोन आला. "विमला मॅडम की रिपोर्ट कब से पड़ी है, कोई लेने ही नहीं आया." फॉर्मवर तुम्ही माझा नंबर लिहिला होता! तुमचा स्वतःचा फोन कधी तांदळाच्या डब्यावर, कधी उशीखाली, वाजला तरी कोणाला सापडायचा नाही, म्हणून असेल. त्या बाईला मी सांगायला पाहिजे होतं की मॅडमला जाऊन बारा दिवस झाले. पण माझ्या तोंडून निघालं, "हाँ, आती हूँ." आणि मी खरंच गेले.

काउंटरवर उभ्या उभ्याच लिफाफा फोडला. उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची शुगर, रक्तातली चरबी, सगळे आकडे हद्दीच्या आत, नाहीतर अगदी काठावर. एकाही ओळीखाली जाड रेघ नाही. इतकी चांगली रिपोर्ट तुमची कधीच आली नव्हती, ताई! लॅबमधली बाई खुश होऊन म्हणाली, "आंटी को बोलिए, जो कर रही हैं, करती रहें." तिला काय सांगू? मी "हव" म्हटलं आणि बाहेर येऊन स्कूटीवर नुसती बसून राहिले.

म्हणून हे पत्र. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून जे समजलं नाही ते मी तुम्हालाच विचारत आले. सासूबाई नव्हत्याच, थोरली जाऊ म्हणून जे काही होत्या त्या तुम्ही. आता जे समजत नाहीये ते तुमच्याचबद्दलचं आहे. मग विचारू कोणाला?

राज्य नवीन झालं त्याच साली मी भंडाऱ्याहून रायपूरला आले. विहारात कोणी विचारलं की तुम्ही सांगायच्या, "राज्य नवं, राजधानी नवी, अन् आमची सूनही नवी!" चौबे कॉलोनीच्या त्या घरात पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून वडाभाताच्या वड्यांचा पार लगदा झाला. मी रडवेली झाले. तुम्ही तो लगदा भातात कालवला, वरून लसणाचं तेल ओतलं आणि सगळ्यांना वाढत म्हणाल्या, "भंडाऱ्याकडे असाच करतात." दादांनी दोनदा मागून घेतला! नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे, म्हणून माझ्याशी कधी चार शब्द न बोललेले दादा त्या दिवशी "चांगला आहे" म्हणाले. ती गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत कोणाला सांगितली नाही.

खाऊ घालणं हीच तुमची माया करायची रीत होती. रविवारी पाटोडीचा रस्सा, सणाला पुरणपोळी, शेजारच्या छत्तीसगढी बाईकडून शिकलेला तांदळाच्या पिठाचा फरा, आणि कोणी "बस" म्हटलं की त्याच्या ताटात एक जास्तीचा. तुम्ही आधीपासूनच भरलेल्या होत्या. मी दोन बाळंतपणांत आणि ऑफिसातल्या टायपिंगच्या खुर्चीत बसून तुम्हाला गाठलं. पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "दीदी लोग, थोड़ा पीछे," तर तुम्ही म्हणाल्या, "भैया, तू मांगं हो!" सगळा मांडव हसला होता. आपल्याला वाईट वाटलं होतं का हो तेव्हा? मला तरी नव्हतं वाटलं. आपल्या घरात जाड बाई म्हणजे सुखातली बाई.

मग विहारात ते तपासणीचं शिबिर झालं. बोटाला टोचून रक्त घेतलं, आणि तुमचं नाव दोनदा पुकारलं. मला वाटलं, बक्षीस लागलं. शुगर निघाली. तुमच्यापाठोपाठ माझीही.

समता कॉलोनीतल्या डॉक्टर मॅडमकडे आपण दोघी एकाच रिक्षात गेलो होतो, आठवतं? सीटवर आपल्या दोघींत तिसरी मावत नव्हती. मॅडमनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, रोज चाला. तुम्ही विचारलंत, "कितना जोर से?" माझ्या तर डोक्यातही आलं नसतं हे विचारायचं! मॅडम म्हणाल्या, "इतना, कि बात कर सको पर गाना न गा सको." बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणाल्या, "मले तं बसूनही गाता येत नाही, मंग मी कशी वळखू?"

पण बोलता येईल इतक्या वेगाने चालायचं, हे तुम्हाला फारच मानवलं. कॉलोनीच्या गार्डनात सकाळी आपल्या फेऱ्या सुरू झाल्या. तुमचं बोलणं ज्या गतीने चालायचं त्याच गतीने आपण चालायचो. तुमच्या माहेरचा मोहल्ला, गुढियारीचा पारा, तुमचे बाबा मालधक्क्यावर कामाला, उन्हाळ्यात गोण्यांवर झोपणारे हमाल, तुमच्या आईने लपवून ठेवलेली आंब्याची टोपली. गोष्ट रंगात आली की तुम्ही थांबायच्याच. हात हलवून सांगायला थांबावं लागायचं तुम्हाला! मी म्हणायची, "ताई, चला." तुम्ही म्हणायच्या, "चालूनच तं राहिलो ना माय."

तीन-चार महिन्यांनी आपल्या दोघींची शुगर थोडी उतरली. थोडीच. वजनाचा काटा जागचा हलला नाही. मला राग यायचा त्या काट्याचा. तुम्हाला यायचा नाही. का नाही यायचा? हे विचारायचं राहून गेलं.

त्याच सुमारास मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि आमचं ऑफिसही. आम्हाला तिकडेच सरकारी फ्लॅट मिळाला. सामान ट्रकमध्ये चढत असताना तुम्ही स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी घासत बसल्या होत्या, मोलकरीण समोर उभी असून. मी "येते ताई" म्हटलं तर पाठ न वळवता म्हणाल्या, "रविवारी ये. नाही आली तं मी येईन." आणि याल अशा तुम्ही होत्याच.

नव्या जागी रस्ते केवढे रुंद! एकेका चौकात आपली अख्खी गल्ली मावेल. माणूस मात्र दिसत नाही. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी भरभर चालायला लागले असं आज वाटतं. मग तिथल्या मैदानावर एक ट्रेनर पोरगी बायकांचा क्लास घ्यायची, त्यात नाव घातलं. ती शिट्टी वाजवायची. एक मिनिट जीव तोडून, मग एक मिनिट हळू, परत जीव तोडून. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. डॉक्टर मॅडमनी आधी माझी हृदयाची तपासणी करून घेतली होती, पट्ट्यावर चालवून, छातीला वायरी लावून. सगळं ठीक निघालं तेव्हाच म्हणाल्या, "तुम तेज चल सकती हो."

तुम्हीही होत्या ना त्या दिवशी माझ्यासोबत. मॅडम तुम्हालाही म्हणाल्या होत्या, "आपकी भी जाँच करवा लेते हैं. तेज चलने से पहले दिल देख लेना चाहिए." तुम्ही त्या फिरत्या पट्ट्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "ना बाप्पा! मी याच्यावरून पडली तं मशीनही मोडन." मॅडम हसल्या, मी हसले. मॅडम म्हणाल्या, "ठीक है, तो फिर आप आराम से ही चलिए." आराम से ही. हे शब्द मी या दोन्ही कानांनी ऐकले आहेत, ताई.

क्लासने माझी शुगर झरझर उतरली. ब्लडप्रेशरही. वजन फारसं नाही, पण जिना चढताना धाप लागेना. मला इतकं चढलं ते! जिला भेटेन तिला सांगायची, हळू चालून काही होत नसतं, घाम निघाला पाहिजे, दम लागला पाहिजे. नवीन नवीन शिकलेल्या माणसाइतकं दुसऱ्याला कोणी छळत नाही.

तो रविवार मला रोज आठवतो. तुम्ही डब्यात तिळाची चटणी आणि भाकरी घेऊन आल्या होत्या. मी तुम्हाला सकाळच्या कोवळ्या उन्हात चालायला नेलं. दोन मिनिटं तुमच्याबरोबर चालले आणि म्हटलं, "ताई, मी जरा पुढे होते, पुढच्या चौकापर्यंत." चौकात पोचून मागे पाहिलं तर तुम्ही रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलेल्या, चपला काढून, तळपाय चोळत. मी परत यायला हवं होतं. मी अजून एक फेरी मारली. माझी वेळ मोजायची होती ना घड्याळात!

आले तेव्हा तुम्ही म्हणाल्या, "संध्या, तुह्या मांगं कुत्रं लागलं होतं काय वं? काहून एवढी पळून राहिली?"

आणि मी काय म्हटलं? "ताई, तुम्ही चालत नाही, नुसत्या फिरता. अशानं काही होत नसते."

तुम्ही चपला घातल्या. काही बोलल्या नाहीत. तुम्ही, आणि काही बोलल्या नाहीत! तेव्हाच माझ्या लक्षात यायला नको होतं? घरी येऊन तुम्ही माझ्या मुलांना भाकरी वाढल्या, हसल्या-बिसल्या, संध्याकाळच्या बसने गेल्या. मला वाटलं, विसरल्या.

पुढे माझी टाच दुखायला लागली. सकाळी पाय जमिनीवर टेकवेना. दोन-अडीच महिने क्लास बंद. माझी शुगर परत होती तिथे! आणि तुम्ही गार्डनातली एक सकाळ सोडली नव्हती, थंडीत नाही, लेकीच्या, निकीच्या परीक्षेत नाही. तुमची शुगर हळूच अजून थोडी खाली. तेव्हा मी चिडून डॉक्टर मॅडमना विचारलं होतं, मग खरं काय? तेज की हळू?

त्या म्हणाल्या, "तेज से फायदा जल्दी होता है, कभी-कभी ज्यादा भी. पर जो छूट जाए उसका क्या फायदा? जो रोज हो, वही अच्छा." मी म्हटलं, "पर वजन तो दोनों का नहीं घटा." तर म्हणाल्या, "वजन का काँटा अलग चीज है, खून अलग. आदमी मोटा रहकर भी पहले से ठीक हो सकता है." मला पटलं नाही. फोनवरचे व्हिडिओ एक सांगतात, मॅडम दुसरं सांगतात, माझी टाच तिसरं सांगते. तुम्ही मात्र गालात हसत होत्या. मला वाटलं, मला हरवलं म्हणून हसताय.

जयंतीच्या मिरवणुकीत मी पहिल्यांदा चमकले. दरवर्षी तुम्ही अर्ध्यातून रिक्षा करून घरी यायच्या. यंदा शेवटपर्यंत चालल्या! आणि चालल्या काय, ढोलापुढे नाचल्या, पांढऱ्या साडीचा पदर खोचून! निकी लाजून म्हणत होती, "मम्मी, बस करो ना, सब देख रहे हैं." तुम्ही म्हणाल्या, "पाहू दे." मी तुमच्या मागे धापा टाकत होते, दुखऱ्या टाचेने. तुम्ही वळून मला म्हणाल्या, "ये ना वं. काहून मांगं राहिली?"

मी विचारलं होतं तेव्हा, "ताई, काय करून राहिल्या तुम्ही? शुगर उतरली, दम वाढला." तुम्ही म्हणाल्या, "काही नाही. फिरते."

फिरते! तो शब्द तुम्ही माझ्यासाठीच ठेवला होता ना?

खरं काय ते मला पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं. वंदना झाली, माणसं जेवायला बसली, आणि तुमच्या भावजय रेखावहिनी मला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. त्यांना वाटत होतं की मला माहीत आहे. म्हणाल्या, "आता कोण येईल वं दर मंगळवारी अन् शनिवारी? मी तं चहा मांडूनच ठेवत होती."

"कशाला यायच्या ताई?" मी विचारलं.

"पूल चढाले. तुले नाही सांगितलं?"

तुम्ही माहेरी जायच्या, गुढियारीकडून स्टेशनात शिरायच्या, प्लॅटफॉर्म तिकीट काढायच्या, आणि पादचारी पुलाच्या पायऱ्या चढायच्या! एक खेप जोरात, वर कठड्याला धरून उभ्या, श्वास बसला की खाली, परत जोरात. रेखावहिनी सांगत होत्या की तिथल्या हमालांच्या तुम्ही ओळखीच्या झाल्या होत्या. एकाने विचारलं म्हणे, "अम्मा, कौन सी गाड़ी है आपकी?" तुम्ही त्याला सांगितलं, "मेरी गाड़ी लेट चल रही है." हे ऐकून मी हसले, ताई. तुमच्या पुण्यानुमोदनाला, तुमच्या फोटोसमोर, मी मोठ्याने हसले. बायकांनी वळून पाहिलं.

मग रेखावहिनी म्हणाल्या, "मी म्हणत होती, संध्याले सांग. तं म्हणे, नाही, तिले सांगायचं नाही. एक दिवस नव्या रायपूरले जाईन, तिच्यासोबत चालीन अन् तिलेच मांगं टाकीन."

मी तिथेच पायरीवर बसले.

तुम्ही विसरल्या नव्हत्या. मी फेकलेलं एक वाक्य तुम्ही पदरात बांधून गुढियारीला नेलं आणि वर्षभर त्याच्यासोबत पायऱ्या चढल्या. मग सांगा, त्या वाक्यानं तुमचं बरं केलं की वाईट? त्या वर्षानं तुम्हाला ती रिपोर्ट दिली, ते नाचणं दिलं. निकी म्हणते, मम्मी इतकी खुश कधीच नव्हती. मग मी स्वतःवर रागावू की नाही? मला समजतच नाही!

आणि आता ते लिहिते, जे लिहायला मी कालपासून तीन कागद फाडले.

तुम्ही जाण्याच्या वीस-बावीस दिवस आधी तुमचा फोन आला होता. संध्याकाळी. टाच बरी होऊन मी परत क्लासला जायला लागले होते, मैदानावर होते. तुम्ही इकडचं तिकडचं बोलल्या, मग विचारलं, "अवं संध्या, तुले जोरात चालताना छातीत जळजळ होते काय? इथं, गळ्याच्या खाली? थांबलं की जाते."

पूल मला माहीत नव्हता. पण म्हणून काय झालं? "जोरात" हा शब्द तर तुम्ही उच्चारला होता. जिला आराम से चालायला सांगितलं होतं ती जोरात कुठे चालतेय, हे मला विचारता आलं असतं. मी म्हटलं, "होते ना ताई! सुरुवातीला सगळ्यांनाच होते. घाबरून सोडू नका, आपोआप जाईल." मला दम लागतो त्याबद्दल वाटलं. खरं तर मला काहीच वाटलं नाही, कारण तेवढ्यात ट्रेनरची शिट्टी वाजली आणि मी "ठेवते ताई" म्हणाले.

"बरं," तुम्ही म्हणाल्या. "पळ."

जाण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, तुम्ही लॅबमध्ये रक्त दिलं, तिथूनच गुढियारीला गेल्या. गुरुवारी दुपारी जेवून ओसरीत तांदूळ निवडायला बसल्या. दादा पेपर वाचत होते. तुम्ही भिंतीला टेकल्या, त्यांना वाटलं डुलकी लागली. सूप तसंच मांडीवर होतं, एक दाणा सांडला नव्हता. मी नव्या रायपूरहून पोचले तेव्हा तुम्हाला आत आणून ठेवलं होतं. तुमचे पाय मी पाहिले. एवढे घट्ट झाले होते पोटऱ्यांचे स्नायू! जाड बाईच्या पायांत एवढी ताकद, आणि मी ती आधी पाहिलीच नव्हती.

काल लॅबमधून निघून मी तशीच डॉक्टर मॅडमकडे गेले. संध्याकाळचे पेशंट बसले होते. रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, पुलाचं, फोनचं. त्यांनी कागद जवळ ओढून पाहिला.

मी विचारलं, "मैडम, तेज चढ़ने से गईं क्या?"

"पता नहीं," त्या म्हणाल्या. "चढ़ने से ये रिपोर्ट आई, ये पक्का है. पर नसों में जो बरसों का जमा होता है, वो इस कागज में नहीं दिखता. उसकी जाँच अलग है. जलन चलने पर आए और रुकने पर जाए, तो अक्सर पेट नहीं, दिल बोल रहा होता है. उसी दिन मेरे पास आना था."

"और अगर चढ़ती ही नहीं तो? आराम से चलतीं?"

"शायद यही होता, बाद में. शायद पहले. शायद नहीं होता." मग चष्मा काढून म्हणाल्या, "मैंने भी उस दिन जाँच की जिद नहीं की. हँसकर टाल दिया."

मला वाटलं होतं त्या एक काहीतरी सांगतील. तेज वाईट म्हणतील, नाहीतर चांगलं म्हणतील. तेज चांगलंच होतं म्हणे, आधी तपासून, हळूहळू वाढवत, शरीर काही सांगत असेल तर थांबून. म्हणजे सगळं बरोबर होतं, फक्त क्रम चुकला? एवढ्याशा गोष्टीने माणूस जातो? की जायचाच होता? तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "मंग खरं काय वं?" मला माहीत नाही, ताई. मॅडमनाही माहीत नाही!

तिथून मी चौबे कॉलोनीत आले. दार निकीने उघडलं. तुमची पोट्टी बारा दिवसांत मोठी बाई झाली आहे. तुमच्यासारखीच अंगाने भरलेली, आणि चुन्नी तुमच्यासारखीच खांद्यावर. मी ठरवून आले होते की हिला सांगायचं. तुमच्या त्या फोनचं तिला माहीत नव्हतं. तिने मला हाकलून दिलं तरी चालेल, पण सांगायचं. चहाचा कप हातात तसाच धरून मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, शब्द न बदलता.

तिने कप माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "चाची, मुझे भी बोला था."

"काय?"

"छाती में जलता है, ऐसा. मैं मोबाइल देख रही थी. मैंने बोला, गैस होगी, गोली खा लो. मैंने ही लाके दी."

आतल्या खोलीतून दादांचा आवाज आला. ते ऐकत होते हे आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणाले, "मलेही म्हणाली होती. मी म्हटलं, तेलकट कमी खा."

ताई, तुम्ही सगळ्यांना विचारलं होतं! प्रत्येकाला एकेकदा, सहज, कोणाला त्रास नको म्हणून हसत. आणि आम्ही प्रत्येकाने तुम्हाला एकेक उत्तर देऊन मोकळं केलं. कोणी म्हटलं नाही की बसा, नीट सांगा. घरात एवढी माणसं, आणि सगळ्यांकडे उत्तरं तयार! आम्ही एकमेकांना तरी कधी विचारलं का?

निकी रडली. दादा रडले नाहीत, पण बाहेर आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, जे ते कधी करत नाहीत. त्यांनी रिपोर्ट मागितली. बोट ठेवून ठेवून एकेक ओळ वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगली आली."

"हो दादा," मी म्हटलं. "खूप चांगली आली."

मला एका गोष्टीचं तुमच्यावरही रागवायचं आहे. रागवू? तो पट्टा तुम्ही का टाळला? पूल चढायला भ्यायल्या नाहीत आणि चार वायरींना भ्यायल्या? आणि मला खोटं का बोलल्या, "फिरते" म्हणून? एकदा सांगितलं असतं की संध्या, तुझं बोलणं मला लागलं, तर मी पाय धरले असते. मग आपण दोघी मिळून चढलो असतो तो पूल, मॅडमना विचारून, तपासून. हमालांनी आपल्या दोघींना हसून घेतलं असतं. झालं असतं ना असं? का नाही होऊ दिलं?

बरं, रागवून झालं.

आज सुट्टी आहे. मुलं खाली खेळताहेत, खिडकीतून तो रुंद रस्ता दिसतो. सकाळी मी चालायला गेले नाही. उद्या जाईन की नाही, गेले तर किती जोरात, मला आज तरी सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, जा. टाचही ठीक आहे. पाऊल मात्र उचलत नाही.

पण एक ठरलं आहे, आणि ते तुम्हाला सांगूनच हे पत्र संपवते. सोमवारी मी रजा टाकली आहे. दादांना आणि निकीला घेऊन मॅडमकडे जाते, तिघांचीही हृदयाची तपासणी. दादा "मले काय झालं" म्हणाले, तर निकीने त्यांच्याकडे एक नजर टाकली, पार तुमची, आणि ते गप्प झाले. निकीने मला विचारलं, "चाची, मैं तेज चलूँ कि धीरे?" मी तोंड उघडलं होतं, ताई, काहीतरी सांगणारच होते. मग तिला म्हटलं, "आधी तपासू. मग चालून पाहू. तुला चालताना काय होते ते मला रोज सांगायचं."

हे मी तुम्हाला वचन देते. या घरात कोणी मला म्हणालं की मले इथं असं होते, तर मी हातातलं काम खाली ठेवीन. त्याच्याजवळ बसीन. आणि उत्तर न देता आधी विचारीन: कुठं होते? कधी होते? कधीपासून?

तुमची धाकटी,
संध्या